ब्रेकर कधी लागणार, एवढं सांगा : आमच्या सोसायटीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, व्यवस्थापक समिती आणि सर्व सभासद,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, कर्वेनगर, पुणे.

सप्रेम नमस्कार.

घराचं काम निघालं की फरशी-भिंत फोडायला ब्रेकरचं मशीन लागतं. त्याच्या आवाजाची वेळ शेजाऱ्यांना आधी कळावी आणि कामाच्या धुळीची काळजी घेतली जावी, यासाठी हे पत्र आहे. ते समितीच्या पेटीत टाकूनही भागलं असतं. पण यात एक माफी आहे आणि ती फक्त समितीकडे मागून चालणार नाही. ती आमच्या जिन्यातल्या प्रत्येक घराची मागायची आहे. शिवाय कर्वेनगर, कोथरूड, सिंहगड रस्ता, कुठेही जा, आपल्यासारख्या तीस वर्षांच्या चार मजली इमारती गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या घरांची कामं आता एकामागून एक निघताहेत आणि तिथली जुनी पिढी जाऊन आमच्यासारखी लहान बाळं घेतलेली माणसं राहायला येताहेत. म्हणून उघडच लिहिते.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो ते फेब्रुवारीत, १९ दिवसांची मुलगी घेऊन. असं यायचं ठरलं नव्हतं. गेल्या वर्षी फ्लॅट घेतला, सप्टेंबरात ताबा मिळाला, दसऱ्याला नारळ फोडून काम सुरू केलं. बाळंतपणाची तारीख फेब्रुवारीच्या मध्यावरची. डिसेंबरअखेर काम संपेल, जानेवारीत रंगाचा वास जाईल, मग आम्ही जाऊ, असा सगळा हिशोब होता. तो मागच्या बाथरूमच्या फरशीखाली बुडाला. फरशी काढली तर खालचा भराव चिंब ओला. बिडाचा जुना पाइप तडकलेला होता आणि त्याचं पाणी किती वर्षं दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या छतात मुरत होतं कोण जाणे. ते तसंच झाकून वर नवी फरशी बसवणं शक्य नव्हतं. सगळा भराव काढला, पाइप बदलले, वॉटरप्रूफिंग केलं, विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला आणि तीन दिवस पाणी भरून ठेवलं. मध्येच दिवाळी आली. सुतार आणि रंगारी गावी गेले ते छठ करूनच परतले. त्यात तीन आठवडे गेले आणि त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, वर्षातून एकदाच तर ते घरी जातात.

इकडे भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार ३१ जानेवारीला संपत होता आणि मालकांनी पुढचे भाडेकरू ठरवून टाकले होते. बाळ थांबलं नाही. सदतिसाव्या आठवड्यात, २७ जानेवारीला, सिझेरियन होऊन लेक आली. तिला कावीळ झाली, दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. दर आठवड्याला वजन बघायला आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यामुळे साताऱ्याला माहेरी जायचा बेत रद्द झाला आणि आईच इकडे आली. मधले दिवस नणंदेच्या दोन खोल्यांत काढले. तिच्या घरात आधीच पाच माणसं. शेवटी पुढची खोली आणि पुढचं बाथरूम तयार झालं म्हणून आम्ही आलो. पुढे मी, बाळ आणि आई. मागे गवंडी, प्लंबर, सुतार. मधल्या दाराला ओली चादर टांगलेली, दर दोन तासांनी पुन्हा भिजवायची.

घर पाहावं बांधून म्हणतात. आमच्याकडे घराचं काम आणि बाळंतपण एकाच दारातून आत आलं.

त्या दिवसांतली एक वही माझ्यापाशी आहे. आधी दोन वह्या होत्या, एक बाळाची, एक मिस्त्रींची. दोन्ही सांभाळणं जमेना म्हणून एकच केली. डावं पान बाळाचं, उजवं कामाचं. ६ मार्चचं पान उघडते. डावीकडे : ‘१०.२० उजव्या बाजूला २० मिनिटं, ढेकर आला. ११.१० झोपली. ११.१५ उठली. ११.४० परत घेतलं, प्यायली नाही. १२.०५ शी, पिवळी. १.५० पर्यंत रडली.’ उजवीकडे : ‘सिमेंट ४ गोणी. वाळू १२ पाट्या. प्लंबरला उचल २,०००. ब्रेकर ११.१५ ते १.४०.’ ही दोन पानं शेजारी शेजारी लिहिली गेली म्हणूनच मला दिसलं. अकरा पंधराला ब्रेकर लागला आणि अकरा पंधराला ती उठली. तासभर आधी मला कुणी सांगितलं असतं, तर दहा वीसला पाजल्यावर मी तिला घेऊन खाली, समोरच्या बागेत गेले असते. कुणी म्हणजे कोण? काम माझ्याच घरातलं होतं. मिस्त्रींना मी विचारलंच नव्हतं.

आणि तुम्हालाही मी सांगितलं नव्हतं. माफी मागायची आहे ती इथे.

आमच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर, बारावीचा मुलगा आहे. फेब्रुवारीत त्याची परीक्षा सुरू होती आणि आमचं दुसरं बाथरूम फुटत होतं ते बरोबर त्याच्या टेबलाच्या वर. पहिल्या मजल्यावरच्या ताई रुग्णालयात परिचारिका आहेत, आठवड्यातून तीन रात्रपाळ्या करतात, त्यांची झोप सकाळी नऊला सुरू होते. आमची कामाची परवानगीही सकाळी नऊपासूनची. समोरच्या आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि जिन्यातली धूळ चुकवायला ते पंधरा दिवस घराबाहेर पडले नाहीत. हे मला नंतर कळलं, एकेकाने माझ्या बाळाला बघायला आल्यावर सांगितलं. तेही तक्रारीच्या सुरात नाही. काकू म्हणाल्या, ‘अगं, तुझंच एवढं चाललं होतं, तुला काय सांगायचं.’ झबलं घेऊन आल्या होत्या त्या. मला फार लाज वाटली. मी नियमाप्रमाणे अर्ज दिला, अनामत भरली आणि माझं कर्तव्य झालं असं धरून चालले. तुम्हा सगळ्यांची मनापासून माफी मागते.

आता नियमाविषयी. आपली अंतर्गत कामांची नियमावली दोन पानांची आहे. मी ती अर्ज करताना वाचली होती आणि आता परत वाचली. तिच्यात लिफ्ट आहे, जिन्याच्या कडेची फरशी आहे, पार्किंगमधल्या वाळूचा ढीग आहे, अनामत रक्कम आहे, राडारोडा किती दिवसांत हलवायचा ते आहे. हे सगळं हवंच. पण इमारतीत त्या वेळी जी माणसं राहत असतील त्यांच्याविषयी तिच्यात एकच ओळ आहे : ‘दुपारी २ ते ४ आवाजाचं काम बंद.’

ही ओळ ज्यांनी घातली त्यांनी चांगल्या मनानेच घातली आणि ज्येष्ठांना तिचा उपयोग होतो. पण नवजात बाळ दिवसाकाठी १४ ते १७ तास झोपतं आणि ती झोप दोन-तीन तासांच्या तुकड्यांनी होते, रात्रंदिवस कधीही. रात्रपाळी करणाऱ्याची झोप सकाळी असते. अभ्यास करणाऱ्याचे तास आणखी वेगळे. दोन ते चार या वेळात यांच्यापैकी कुणाचंच पुरेसं बसत नाही. कायद्याकडे जावं तर २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात, पण त्यांचा दिवस सकाळी ६ ते रात्री १० असा आहे. आमच्या हॉलमध्ये मोबाईलच्या ॲपवर ब्रेकर चालू असताना आकडा ८० च्या वर जायचा. मोबाईलचं माप अचूक नसतं हे मला माहीत आहे आणि मी कुणाविरुद्ध कायदा काढायलाही बसलेले नाही. घर दुरुस्त केल्याशिवाय राहता येत नाही. आमचा पाइप आम्ही बदलला नसता तर काकूंचं छत उतरलं असतं. आवाज होणारच.

मला सांगायचं आहे ते एवढंच, की आवाजाची तारीख आणि वेळ आधी कळली तर तान्ह्या बाळाचं घरसुद्धा तो सोसू शकतं. आणि हे मला चौथ्या मजल्यावरच्या आजींनी शिकवलं.

एप्रिलमध्ये त्यांच्या स्वयंपाकघरातला ओटा बदलायचा होता. जुना कडप्पा काढून ग्रॅनाईट बसवायचा, म्हणजे तोडफोड आलीच. आदल्या शनिवारी आमच्या दाराखालून एक चिठ्ठी आत आली. वहीचं फाडलेलं पान, निळ्या शाईत, वळणदार अक्षर : ‘मंगळवार आणि बुधवार, ११ ते १, मशीन चालेल. गुरुवारी ग्रॅनाईट कापायचा आहे, तो गच्चीवर कापतील, ४ ते ५. त्यानंतर आवाजाचं काम नाही. बाळाला त्रास होणार असेल तर वेळ बदलायला सांगते. आजी.’ मंगळवारी साडेदहाला मी बाळाला पाजलं, पावणेअकराला आईने टोपडं बांधलं आणि आम्ही तिघी पहिल्या मजल्यावरच्या ताईंकडे जाऊन बसलो. त्यांना त्या दिवशी सुट्टी होती. बाळ तिथे दीड तास झोपलं. बुधवारी बागेत गेलो. दोन दिवसांत डोक्यावर ब्रेकर चालू असताना आमच्या घरात कुणी रडलं नाही, ना बाळ ना मी.

मीही रडत असे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. टाके दुखत होते, दूध पुरतं की नाही ही धास्ती होती, स्वयंपाकघरात ओटा नव्हता म्हणून आई रंगाच्या पालथ्या डब्यावर शेगडी ठेवून अळिवाची खीर करत होती आणि त्याच वेळी नळाचा सेट कुठला आणायचा हे विचारायला दारात प्लंबर उभा. बाळंतिणीने सव्वा महिना काही बघू नये, असं आमच्याकडे म्हणतात. माझे सव्वा महिन्याचे दिवस टाइल्सचे नमुने बघण्यात गेले. नवऱ्याला त्याच्या कंपनीत बाळंतपणाची रजा पाचच दिवसांची. केंद्र सरकारच्या नोकरीत पुरुषांना निदान १५ दिवस मिळतात. मला कायद्याने २६ आठवडे मिळाले. २०१७ पूर्वी ते १२ होते, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या वेळी असं काम निघालं असतं तर तिने काय केलं असतं मला कळत नाही. ही रजा पुढच्या आठवड्यात संपते आहे.

समितीतल्या कुणाला वाटेल, की सगळं काम आधी तारखेनिशी सांगणं व्यवहारात जमत नाही. मलाही तसंच वाटायचं. म्हणून वहीची उजवी पानं मोजली. आमच्याकडे माणसं कामावर होती असे दिवस भरले १०४. त्यांतले ब्रेकरचे दिवस ११ आणि कटरचे १९. बाकीच्या दिवसांत गिलावा, वायरी ओढणं, पुट्टी, सुतारकाम, रंग. त्यांत ठोकाठोकी असते, पण ती झोप उडवणारी नसते. आमच्या गवंड्याला मी विचारलं, मशीनचे तास आधी ठरवून चालतील का? तो म्हणाला, ‘मॅडम, मशीन भाड्यानेच आणतो, आदल्या दिवशी सांगूनच ठेवावी लागते.’ म्हणजे तारीख त्याला ठाऊक असते. आपण कुणी ती विचारत नाही आणि जिन्यात लावत नाही.

तेव्हा पहिली विनंती अशी, की परवानगीच्या अर्जातच ब्रेकर आणि कटरचे दिवस आणि तास लिहून घ्यावेत, दिवसातून फार तर दोन-दोन तासांचे. निदान दोन दिवस आधी वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांना चिठ्ठी जावी आणि तळमजल्यावरच्या फळ्यावर तारखा लागाव्यात. वेळ बदलली तर चिठ्ठीही बदलावी. कुणाकडे बाळंतीण, आजारी माणूस, परीक्षा असेल तर त्यांनी फळ्याखाली लिहून ठेवावं. काम थोडं लांबेल आणि मशीनचं भाडं एखाद्या दिवसाचं वाढेल. ते काम काढणाऱ्याने सोसावं. मी सोसलं असतं.

धुळीचं थोडं सविस्तर लिहिते, कारण दिवाळीपूर्वी जिन्याचा कठडा, खिडक्यांचे गज आणि लिफ्टचे दरवाजे खरवडून नव्याने रंगवायचे असं समितीने ठरवलं आहे. तेव्हा माझी मुलगी नऊ महिन्यांची होईल. आत्ताच पालथी पडते, पुढे सरकायला बघते. दिवाळीत रांगत असेल आणि हाताला लागेल ते तोंडात घालत असेल.

दीड महिन्याच्या लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरात काम चालू आहे का, घर किती जुनं, जुना ऑइलपेंट घासताय का? मी हो म्हटलं. आमचा रंगारी त्याच दिवशी मागच्या खिडकीचे गज काचपेपरने कोरडे घासत होता आणि पांढरी भुकटी खिडकीतून आत येत होती. जुन्या रंगातल्या शिशाविषयी डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून मी घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलले नाही. आपल्याकडे घरगुती रंगांमधल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. आपली इमारत १९९६ ची. त्या काळच्या तेलरंगात शिसं असायचं, पिवळ्या, लाल, हिरव्या गडद रंगांत तर विशेष. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी आढळलेली नाही, आणि पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं. ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं आणि झालेली हानी भरून येत नाही. नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० श्वास घेतं, आपण १२ ते २०. त्यामुळे हवेतलं जे काही असेल ते त्याच्या वाट्याला अंगाच्या मानाने जास्त येतं.

आपल्या कठड्यावर शिसं आहेच, असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय ते कळणार नाही. पण तीन थर रंगाखालचा मूळचा थर १९९६ चा आहे, तेव्हा ते असेल असं धरून काम करणंच शहाणपणाचं. त्यासाठी फार काही लागत नाही. कोरडं घासण्याऐवजी पाणी मारून वॉटर पेपरने घासायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, संध्याकाळी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, निघालेली खरवड पिशवीत बांधायची, जिन्यात किंवा बागेत झटकायची नाही. रंगाऱ्यांनी तोंडाला नुसता रुमाल न बांधता नीट मास्क लावायचा, तो सोसायटीने द्यायचा. आमच्या रंगाऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो रागावला नाही. म्हणाला, ओलं घासलं तर दोन दिवस जास्त लागतील. लागले. त्याला स्वतःला दोन मुलं आहेत. मजुरी वाढवून दिली.

फरशी आणि ग्रॅनाईट कापण्याचंही तसंच. ग्रॅनाईट, वीट, सिमेंट, व्हिट्रिफाईड टाइल, सगळ्यांत सिलिका असते. कोरडी कापली की ती बारीक धूळ होऊन फुप्फुसात बसते आणि त्यातून सिलिकोसिस होतो, ज्यावर बरा करणारा उपाय नाही. आपल्याकडे ती दोन दिवस येते. कटर धरणाऱ्याच्या छातीत ती रोज जाते. कटरवर पाण्याची धार सोडली की धूळ खालीच बसते. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी गच्चीवर तशीच कापून घेतली, पाण्याची बादली स्वतः भरून दिली.

आता लिफ्टबद्दल. मार्चमध्ये आम्हाला ५०० रुपये दंड झाला, राडारोड्याची पोती लिफ्टमधून नेल्याबद्दल. तो मी भरला आहे, पावती माझ्याकडे आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, ते सांगते.

आमच्याकडे बिगारी म्हणून एक बाई यायची. जालन्याकडची. पंचविशीही नसेल. फुटलेल्या फरशीचा, विटांचा माल पोत्यात भरून डोक्यावरून तीन मजले खाली न्यायचा आणि वाळू वर आणायची, हे तिचं काम. एक दिवस बाळाला ऊन दाखवायला मी खाली पार्किंगमध्ये आले. दोन खांबांच्या मध्ये साडीची झोळी बांधलेली होती, स्कूटरींच्या ओळीच्या मागे. झोळीत एक मुलगा झोपलेला, आठेक महिन्यांचा. कपाळावर काजळाची तीट आणि भुवयांवर सिमेंटची पांढरी पूड. बाजूला पाण्याची बाटली आणि चुरमुऱ्यांची पुडी. इतके दिवस तो तिथे होता आणि मी वर माझ्या बाळाच्या दाराला चादरी भिजवत होते.

ती पोतं उतरवून आली तेव्हा मी म्हटलं, अगं, वर मशीन चालू आहे, याला एवढा आवाज! तर म्हणाली, ‘ताई, मशीन चालूय तवर झोपतंय ते. बंद झालं की उठतंय.’ तिला ते सोयीचंच वाटत होतं. मशीन थांबलं की मुलगा रडतो आणि मग तिला पोतं टाकून धावत खाली यावं लागतं.

मी त्याला वर आणून आईजवळ ठेवलं. त्याची आई त्याला पाजायला दर दोन तासांनी पुढच्या खोलीत येऊन बसायची, माझ्या शेजारी, दोघी एकाच चटईवर. त्या दुपारी ती तीन मजले सतरा वेळा चढली-उतरली होती. अठराव्या खेपेला मीच तिला म्हटलं, पोतं लिफ्टमध्ये ठेव. दंड त्याचा आहे.

१९९६ च्याच बांधकाम मजुरांच्या कायद्याने पाळणाघराची सोय सांगितली होती ती जिथे ५० हून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे. एका फ्लॅटच्या कामावर एकच बाई असते, फार तर दोन. कुठलाच कायदा तिच्या झोळीपर्यंत पोचत नाही. आपण पोचू शकतो, कारण ती झोळी आपल्याच खांबांना बांधलेली असते.

लिफ्ट जुनी आहे, मागच्या वर्षी तिच्यावर खर्च झाला, ओली वाळू रुळात जाते, हे समितीचं म्हणणं खरं आहे. म्हणून नुसतं ‘परवानगी द्या’ असं म्हणत नाही. आमच्या कामातून प्लायवूडचे चार मोठे तुकडे उरले आहेत. लिफ्टच्या आतून लावता येतील असे ते आमच्या सुताराने कापून ठेवले आहेत, खाली घालायला रबरी पट्टाही आहे. सोसायटीने ते घ्यावेत. माल पोत्यात बांधलेला असेल, लिफ्टवर लिहिलेल्या वजनाच्या आत असेल आणि वेळ ठरलेली असेल, समजा सकाळी अकरा ते साडेबारा, तर लिफ्ट वापरू द्यावी. संध्याकाळी पुसून देण्याची जबाबदारी काम काढणाऱ्याची. आणि तळमजल्यावर पंपाच्या खोलीशेजारची जी छोटी खोली जुन्या खुर्च्यांनी भरली आहे, ती रिकामी करून तिथे एक पंखा आणि पाण्याचा माठ ठेवावा. कामावर आलेल्या माणसांना डबा खायला जागा होईल, आणि एखादीचं मूल असेल तर त्याला स्कूटरींमध्ये झोपावं लागणार नाही. तिथलं शौचालय चालू आहे, फक्त त्याला कुलूप असतं. आमच्याकडे येणारी ती बाई दिवसभर कमी पाणी प्यायची, का ते तिने मला दोन आठवड्यांनी सांगितलं. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाणी किती लागतं हे तुमच्यातल्या प्रत्येक आईला माहीत आहे.

काम संपल्यावर ती दुसऱ्या साइटवर गेली, बाणेरकडे म्हणाली. मुलाला मी लेकीचं एक मोठं दुपटं दिलं. फोन नव्हता तिच्याकडे.

वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरच्या आत होईल. त्या सभेत नियमावलीतला हा बदल विषयपत्रिकेवर घ्यावा, असा स्वतंत्र अर्ज मी सचिवांकडे दिला आहे. आजींच्या चिठ्ठीची प्रत सोबत जोडली आहे, नमुना म्हणून तीच पुरेल असं मला वाटतं. जिन्याच्या रंगकामाचं ठेकेदाराशी बोलणं अजून व्हायचं आहे, तेव्हा ओल्या घासण्याची अट त्या बोलण्यातच घालावी. नंतर घातली की ती पाळली जात नाही. ठेकेदाराशी बोलायला माझी गरज असेल तर संध्याकाळी सातनंतर मी घरी आहे, रजा संपल्यावरही.

आमचं एक काम राहिलं आहे. मागच्या बाल्कनीला बाळासाठी उंच ग्रिल बसवायची आहे. त्यासाठी भिंतीत आठ भोकं पाडावी लागतील आणि जुनी चौकट कापावी लागेल. येत्या मंगळवारी ११ ते १२.३० मशीन चालेल. बुधवारी ४ ते ५, फक्त वेल्डिंग, आवाज कमी. गुरुवारपासून काही नाही. वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांत चिठ्ठ्या दिल्या आहेत. दुसऱ्या मजल्यावर काकूंची सून बाळंतपणाला येणार आहे असं कळलं. ती मंगळवारच्या आतच येत असेल तर कृपया मला रविवारपर्यंत सांगा, वेल्डरला पुढची तारीख देते.

आपली नम्र,
तिसऱ्या मजल्यावरची सभासद